तेल कोणी बदलायचे? सॉल्ट लेकची यंत्रे आणि देखभालीचा इतिहास

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम शिथिल केले. दरपत्रके न मागवता थेट खरेदी करण्याची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर गेली. २०० कोटी रुपयांपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरूंना आणि संस्थांच्या संचालकांना मिळाला. ज्यांनी एखाद्या साध्या झडपेसाठी महिनोन्‌महिने कागद हलवले आहेत, त्यांना या बातमीचे मोल सांगावे लागणार नाही. मात्र ही बातमी वाचताना एक गोष्ट जाणवली. तिच्यात यंत्र विकत घेण्याची चर्चा आहे. ते आले, बसले, चालू झाले, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत त्याची काळजी कोण घेणार, याची चर्चा नाही.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. ज्याच्या दाराशी मोटार किंवा दुचाकी आहे, त्याला तो वर्षातून एकदा तरी पडतोच. इंजिनचे तेल घरच्या घरी बदलावे की गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यावी? तेल आणि फिल्टर बाजारात मिळतात, काम तासाभराचे आहे आणि मजुरी वाचते. उलट बाजूला वॉरंटी आहे, शिक्का मारलेली नोंद आहे, आणि आपले हात काळे होत नाहीत. बहुतेक जण हा हिशेब रुपयांत आणि तासांत मांडतात. विज्ञानाच्या इतिहासात हाच प्रश्न फार मोठ्या यंत्रांच्या बाबतीत विचारला गेला आहे, आणि त्याची काही लक्षणीय उत्तरे आमच्या सॉल्ट लेकमध्ये दिली गेली. ती पाहिली की हिशेबात आणखी एक रकाना हवा हे ध्यानात येते.

काढलेले तेल काय सांगते

आधी तेलाविषयी. इंजिनमधील तेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या कड्यांची फट बुजवते आणि झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण आपल्याबरोबर घेऊन फिरते. हे शेवटचे काम सर्वांत दुर्लक्षित आहे. काढून टाकलेले तेल ही त्या इंजिनची रक्ततपासणीच असते. त्यात लोह वाढले तर सिलिंडर किंवा कड्या झिजत आहेत. तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग. सिलिकॉन वाढले तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत शिरते आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४० च्या दशकात, अमेरिकेतील डेन्व्हर आणि रिओ ग्रान्दे रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलाचे वर्णपटीय विश्लेषण सुरू केले. तेलाचा नमुना विद्युत ठिणगीत जाळायचा, निघणाऱ्या प्रकाशातील रेषा मोजायच्या आणि कोणता धातू किती आहे ते ओळखायचे. इंजिन उघडण्यापूर्वीच त्यातील बिघाड कळू लागला. पुढे ही पद्धत विमानदलांनी उचलली आणि भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ती रुजली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की हे ज्ञान वापरलेल्या तेलात होते आणि जो ते तेल ओतून देत होता त्याच्या हातून रोज वाहून जात होते. कोणीतरी थांबून त्याकडे पाहिले, तेव्हा ते मिळाले.

सर्व्हिस सेंटरला गाडी दिली की तेल बदलले जाते, पण त्या तेलाकडे मालक पाहत नाही आणि कामगाराला पाहण्याइतका वेळ नसतो. तेल बदलण्याची मजुरी आपण देतो. तेल वाचण्याची संधी मात्र न मोजताच देऊन टाकतो.

निर्वाताचे तेल

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही तेल असते आणि तेही बदलावे लागते. निर्वात निर्माण करणाऱ्या रोटरी पंपात तेलाचा पातळ थर पाती आणि भिंत यांमधील फट बंद ठेवतो. पंपाच्या अंगावर तेलाची पातळी दाखवणारी एक लहानशी काच असते. तीतून दुधाळ तेल दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गडद तपकिरी किंवा काळे दिसले तर ते जळले किंवा दूषित झाले आहे. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला शिकवायच्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक.

अतिउच्च निर्वातासाठी दुसऱ्या प्रकारचा पंप लागतो: विसरण पंप. यात द्रव उकळून त्याच्या वाफेचे वेगवान झोत खाली सोडतात आणि ते हवेचे रेणू आपल्याबरोबर ढकलत नेतात. जर्मनीतील वोल्फगांग गेडे यांनी १९१५ च्या सुमारास असा पंप पाऱ्यावर चालवून दाखवला. १९२८ मध्ये मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीतील सेसिल बर्च यांनी पाऱ्याऐवजी अत्यंत कमी बाष्पदाबाचे तेल वापरले. पाऱ्याची वाफ अडवण्यासाठी लागणाऱ्या अतिथंड सापळ्यांची निकड कमी झाली आणि मोठी निर्वात यंत्रे आवाक्यात आली. मात्र या तेलाचा एक स्वभाव आहे. ते तापलेले असताना हवा आत शिरली तर त्याचे ऑक्सिडीकरण होते, ते फुटते, आणि पंप आतून काळा पडतो. एका क्षणाच्या निष्काळजीपणानंतर पंप खोलून, धुऊन, नवे तेल भरावे लागते.

सायक्लोट्रॉनला या निर्वाताची गरज का असते? वातावरणीय दाबाला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी सुमारे ६६ नॅनोमीटर जातो. दाब अब्जांशाने कमी केला की हेच अंतर साठ मीटरांच्या घरात जाते. सायक्लोट्रॉनमधील आयन चुंबकीय क्षेत्रात शेकडो फेरे घेत बाहेरच्या कक्षेपर्यंत पोहोचतो आणि त्याची एकूण वाट काही शे मीटरांची असते. वाटेत हवा असेल तर तो विखुरतो किंवा आपला विद्युतभार गमावतो, आणि झोत भिंतीवर विरून जातो. म्हणजे पंप नसेल तर चुंबक कितीही उत्तम असला तरी तो लोखंडाचा ढीगच ठरतो. कोलकात्याने हे फार कठीण रीतीने अनुभवले आहे.

बुडालेले पंप

मेघनाद साहा १९३८ मध्ये अलाहाबादहून कोलकात्याला पालित प्राध्यापक म्हणून परतले. अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र हे पुढील काळाचे शास्त्र आहे आणि त्यासाठी सायक्लोट्रॉन हवा, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे शिष्य बसंती दुलाल नाग चौधुरी बर्कलेला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत गेले, तेथे डॉक्टरेट मिळवून १९४१ मध्ये परतले. टाटांच्या विश्वस्तनिधीतून आणि बिर्लांकडून पैसा उभा राहिला. ध्रुवाचा व्यास ३८ इंच असलेल्या यंत्राचे भाग अमेरिकेतून मागवण्यात आले. काही भाग पोहोचले. पण निर्वात पंप ज्या जहाजावर होते ते जहाज युद्धात बुडाले.

पुढची काही वर्षे साहांच्या गटाने जे केले, त्याला आजच्या भाषेत सुट्या भागांच्या टंचाईवर मात म्हणता येईल. युद्धकाळात नवे पंप मिळणे शक्य नव्हते. तेव्हा पंप आणि इतर साहित्य येथेच घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. ते सोपे नव्हते आणि झटपट यशस्वीही झाले नाहीत. युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते साहांच्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन झाले, तरी यंत्र मनासारखे चालत नव्हते. ते कामाला लागले तोवर जगातील आघाडीची यंत्रे बरीच पुढे गेली होती. साहा १९५६ मध्ये गेले.

ही कथा 'स्वावलंबनाचा विजय' म्हणून सांगण्याचा मोह होतो, पण तसे सांगणे खरे होणार नाही. संशोधनाच्या मोजमापात या यंत्राने वेळ गमावला. तयार पंप हाती आले असते तर कोलकात्यातील अणुकेंद्रीय भौतिकी कित्येक वर्षे आधी सुरू झाली असती. स्वतः करण्याची किंमत असते आणि ती येथे एका पिढीच्या उमेदीच्या वर्षांत मोजली गेली. पण या धडपडीतून दुसरे काहीतरी तयार झाले: निर्वात, उच्च वारंवारतेची विद्युत आणि मोठे चुंबक यांचे काम हाताने केलेली माणसे. याच गटाच्या परिसरात नीरजनाथ दासगुप्त यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. तेही निर्वाताचेच यंत्र.

खारजमिनीवरचे सायक्लोट्रॉन

आता सॉल्ट लेककडे येऊ. शहराच्या पूर्वेच्या खाऱ्या पाणथळीवर भर घालून नवी वसाहत उभारण्याचे काम मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या काळात, १९६२ मध्ये सुरू झाले. हुगळी नदीतला गाळ नळांनी आणून ही जमीन उंच केली गेली. आराखडा युगोस्लाव्ह वास्तुरचनाकार डोब्रिव्होये तोश्कोविच यांचा. रॉय यांच्या नावावरून वसाहतीचे नाव बिधाननगर पडले, तरी बोलण्यात सॉल्ट लेक हेच टिकले. याच जमिनीवर अणुऊर्जा विभागाचे परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्र उभे राहिले. साहा संस्थाही पुढे राजाबाजारातून येथे, त्याच्या शेजारी आली.

या केंद्राचे पहिले यंत्र बर्कले आणि टेक्सास येथील ८८ इंची सायक्लोट्रॉनच्या धर्तीचे आहे. आराखड्याचा नमुना बाहेरचा होता, पण यंत्र विकत आणले नाही. २६२ टनांचा चुंबक रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये घडला. निर्वात व्यवस्था, विद्युतपुरवठा, उच्च वारंवारतेची यंत्रणा यांची जुळणी भाभा अणुसंशोधन केंद्रातील आणि कोलकात्यातील अभियंत्यांनी देशातील कारखान्यांना बरोबर घेऊन केली. आपल्याकडील कारखान्यांनी असे काम आधी कधी केले नव्हते, त्यामुळे वेळ लागला. १६ जून १९७७ रोजी यंत्रात पहिला झोत फिरला.

ज्यांनी यंत्र जोडले त्यांनीच ते पुढे चालवले आणि दुरुस्त केले. अशा यंत्राचा 'डीलर' जगात कोठेच नव्हता. पंपाचे तेल बदलण्यापासून आयनस्रोत नवा करण्यापर्यंत प्रत्येक काम घरचे होते. ज्या आराखड्याला आज साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, त्यावरचे हे यंत्र दशकानुदशके संशोधकांना झोत देत राहिले, हे देखभालीचे यश आहे. शोधनिबंधांच्या लेखकयादीत त्या कामाला बहुधा जागा नसते.

संगणकाचे उदाहरण

त्याच दशकात भारताने हाच प्रश्न वेगळ्या यंत्राच्या बाबतीत राष्ट्रीय पातळीवर सोडवला. त्याची पार्श्वभूमीही कोलकात्यातीलच आहे. १९५५-५६ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बरानगर येथे, इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आला. देशातील पहिला अंकीय संगणक तो हाच. संस्थेचे अभियंते आधी इंग्लंडला जाऊन त्याचे काम शिकून आले होते. यंत्र त्यांनीच बसवले आणि त्यांनीच सांभाळले. त्या अनुभवाच्या बळावर पुढे भारतीय सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून 'इसिजू' हा स्वतःचा संगणक बांधला.

साठच्या दशकात चित्र पालटले. आयबीएम कंपनीने आपली १४०१ जातीची यंत्रे भारतात भाड्याने देण्यास सुरुवात केली. परदेशात वापरून परत आलेली यंत्रे येथे नीट करून दिली जात. भाड्यातच देखभाल आली. ग्राहकाला काही करायचे नसे. कंपनीचा माणूस येई, झाकण उघडी, काम करी आणि झाकण लावून जाई. सेवा उत्तम होती, हे त्या काळातील अनेकांनी मान्य केले आहे. पण पंधरा वर्षांनंतरही ग्राहकाला यंत्राच्या अंतरंगाविषयी पहिल्या दिवसाइतकेच ठाऊक होते.

१९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्याने परकीय कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास सांगितले. आयबीएमला ते मान्य नव्हते आणि १९७८ मध्ये तिने देश सोडला. त्यापूर्वीच, डिसेंबर १९७५ मध्ये, सरकारने एक कंपनी स्थापली होती. तिच्या नावातच तिचे काम होते: कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. आयबीएम गेल्यावर देशभरातील सुमारे ८०० ठिकाणच्या यंत्रांची देखभाल या कंपनीने उचलली. हळूहळू तिचे अभियंते निरनिराळ्या निर्मात्यांची यंत्रे सांभाळू लागले. भिन्न यंत्रे एकमेकांशी कशी जोडावीत, कोठे काय तुटते, ग्राहकाला नक्की काय लागते, हे त्यांना कळत गेले. याच सीएमसीने १९८० च्या दशकाच्या मध्यास रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची प्रणाली दिल्लीत उभी केली. आज आपण घरबसल्या तिकीट काढतो, त्या परंपरेचा आरंभ दुरुस्तीसाठी स्थापलेल्या कंपनीतून झाला.

मराठी वाचकाला या वळणाची ओळख पटावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानातून सुरू झाला. सायकली विकायच्या आणि दुरुस्त करायच्या. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय यंत्र बनवता येत नाही, इतकी साधी ही साखळी आहे. तरीही ती पहिल्याच कडीपाशी वारंवार तोडली जाते.

चुकलेले चुंबकीय क्षेत्र

सॉल्ट लेकमधील दुसरे मोठे यंत्र अतिवाहक चुंबकाचे सायक्लोट्रॉन, के-५००. निओबियम-टायटॅनियमच्या तारेचे त्याचे वेटोळे द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. हे वेटोळे कोलकात्यातच गुंडाळले गेले. २००९ च्या ऑगस्टमध्ये यंत्राच्या आत झोत फिरला आणि आनंदाच्या बातम्या छापून आल्या. पण झोत बाहेर काढणे साधेना. बाहेरच्या कक्षेजवळ येताच तो ढळत होता.

येथे नेमके काय पणाला लागले होते ते पाहा. यंत्र चालू होते, निर्वात होता, चुंबक थंड होता. दोष दिसत नव्हता. शास्त्रज्ञांनी झोताच्या वर्तनावरून उलट गणित मांडले. चुंबकीय क्षेत्राच्या आधीच्या मोजणीवर पुन्हा संशय घेतला, यंत्र उघडले, क्षेत्र नव्याने मोजले. क्षेत्रात अपेक्षेपेक्षा वेगळे दोष सापडले. ते सुधारल्यावर, दीर्घ काळानंतर, झोत यंत्राबाहेर आला.

या विलंबावर टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र असा दोष बाहेरच्या तंत्रज्ञाच्या दोन दिवसांच्या भेटीत सापडत नाही. ज्याला यंत्राची जन्मकथा ठाऊक आहे, कोणती मोजणी कोणत्या दिवशी कोणत्या घाईत झाली हे ज्याच्या वहीत आहे, तोच योग्य ठिकाणी संशय घेऊ शकतो. वीस वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यावर बोट ठेवण्याचा अधिकार वार्षिक देखभाल कराराने विकत मिळत नाही.

डीलरची बाजू

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळे घरीच करावे. तसे नाही, आणि याचे उदाहरणही याच केंद्राने घालून दिले आहे. कोलकात्याच्याच चाकगरिया भागात या केंद्राचे वैद्यकीय सायक्लोट्रॉन आहे: सायक्लोन-३०. हे यंत्र बेल्जियमच्या आयबीए कंपनीकडून विकत घेतलेले असून सप्टेंबर २०१८ मध्ये ते कार्यान्वित झाले. कर्करोगाच्या पेट तपासणीसाठी लागणारे फ्लोरिन-१८ येथे तयार होते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटे. सकाळी तयार केलेली मात्रा दुपारपर्यंत अर्ध्याच्या अर्ध्याहूनही खाली येते. साठवून ठेवण्याचा प्रश्नच नाही.

अशा यंत्राची कसोटी निराळी असते. पलीकडे रुग्ण उपाशीपोटी तपासणीची वाट पाहत बसलेला असतो. झोत आज का ढळला हे शिकण्यासाठी तेथे सहा महिने घालवता येत नाहीत. ज्या आराखड्याची अनेक यंत्रे जगभर चालू आहेत, ज्याचे सुटे भाग तयार असतात आणि ज्याचे तज्ज्ञ दूरध्वनीवर मिळतात, असे यंत्र घेणे येथे शहाणपणाचे आहे. स्वतः यंत्र बांधणाऱ्या संस्थेनेच हा निर्णय घेतला, आणि तो आपल्या अनुभवाच्या विरुद्ध नव्हता. काय विकत घ्यायचे, करारात काय मागायचे आणि बिघाड झाला तर समोरच्याचे म्हणणे कितपत खरे, हे यंत्र बांधलेल्या माणसाला अधिक चांगले कळते.

घरच्या तेलबदलालाही अशीच मर्यादा आहे. वापरलेले तेल हा आपल्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. सॉल्ट लेकला लागून पूर्व कोलकात्याची पाणथळ आहे; २००२ पासून ती रामसर यादीत असून सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरली आहे. शहराचे सांडपाणी तेथील तळ्यांत सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जिवाणूंच्या साहाय्याने शुद्ध होते आणि त्यावर मासे वाढतात. अंगणात तेल बदलून ते गटारात सोडणारा माणूस शंभर-दोनशे रुपये वाचवतो आणि तेल शहराच्या ताटाकडे पाठवतो. स्वतः काम करणाऱ्याने कामाचा शेवटही स्वतःच नीट करायचा असतो. ते जमत नसेल तर काम द्यावे, हे उत्तम.

झाकण उघडण्याचा अधिकार

मग रेषा कोठे आखायची? गेल्या काही वर्षांत कायद्याने या प्रश्नाची एक बाजू हाताळली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड ओळखण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा ठपका होता. आदेशाविरुद्ध अपिले झाली, पण प्रश्न सार्वजनिक झाला. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस संकेतस्थळही सुरू केले.

प्रयोगशाळांच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. सत्तरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत विज्ञान उपकरण केंद्रे काढण्याची योजना आखली; उपकरणांची देखभाल आणि दुरुस्ती हे त्यांचे मुख्य काम. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असे केंद्र आहे, आणि मुंबई विद्यापीठात पश्चिम विभागीय उपकरण केंद्र. २०२२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने उपकरणांचा सामायिक वापर आणि देखभाल यांसाठी 'श्रीमान' नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दिशा योग्य आहे. पण कायदा झाकण उघडण्याचा अधिकार देऊ शकतो. उघडल्यावर आत काय आहे हे ओळखणारा माणूस द्यायला तो असमर्थ आहे. त्या माणसासाठी पद लागते, पगार लागतो आणि बढती लागते. प्रयोगशाळेतील कुशल तंत्रज्ञ निवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाही, आणि दुसऱ्या वर्षी तेवढ्याच रकमेचा देखभाल करार होतो, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. हिशेबाच्या वहीत दोन्ही खर्च सारखे दिसतात. पण एका खर्चातून संस्थेत ज्ञान साठते आणि दुसऱ्यातून ते दरवर्षी दाराबाहेर जाते.

वर पाहिलेल्या उदाहरणांवरून मला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. यंत्र बंद राहिले तर कोणाचे नुकसान, आणि किती तासांत? ते यंत्र प्रमाणित आहे की एकमेव? आणि सर्वांत महत्त्वाचे: करार उद्या संपला, कंपनी निघून गेली, जहाज बुडाले, तर आपल्यापैकी किती जणांना ते यंत्र चालू ठेवता येईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डीलरच्या बाजूने गेली तरी हरकत नाही. तिसऱ्याचे उत्तर शून्य असू नये. काम बाहेर द्यावे. पण ते नीट झाले की नाही हे ओळखण्याइतकी जाण घरात असावी, आणि ती जाण अधूनमधून स्वतः हात काळे केल्याशिवाय येत नाही.

विद्यार्थी वाचकांना म्हणून एक छोटे काम सुचवतो. आपल्या प्रयोगशाळेतील रोटरी पंपापाशी जा आणि तेल दाखवणारी काच पुसा. तेलाचा रंग पाहा आणि ते शेवटचे कधी बदलले ते शोधा. तारीख सापडली नाही, तर पंपाशेजारी एक वही टांगा आणि पहिली नोंद स्वतः करा: तारीख, तेलाचा रंग, तोवर चाललेले तास आणि गाठलेला दाब. पुढच्या वेळी तेल कंपनीच्या माणसाने बदलले तरी चालेल. नोंद मात्र तुम्ही करा, आणि काढलेले तेल बाटलीत भरून जुन्या बाटलीशेजारी ठेवून पाहा.